संबोधन

चष्म्याचं दुकान उघडून तिचा अजून पुरता झाडूही मारून झाला नव्हता, तोच नळदुरुस्तीवाले काका आले आणि खुर्चीवर ऐसपैस बसून म्हणाले, की जवळचं दिसत नाही, वायसर बसवताना बोटांनी चाचपावं लागतं, आता काहीतरी करा. तिने त्यांच्या नाकावर तपासणीची ती बोजड गोल फ्रेम चढवली, एकेक भिंग खाचेत सरकवत नंबर काढला आणि वाचायला कार्ड पुढे केलं. चष्म्याच्या प्रत्येक दुकानात असं एक कार्ड असतं. वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत जाणारी, आणि मजकूर कोणी कधी लक्ष देऊन वाचू नये असा. काकांनी ते हातानेच बाजूला सारलं. "कार्डावर सगळ्यांनाच दिसतं हो. घरी गेल्यावर बोंब." मग पान्हे-पकडींच्या पिशवीतून त्यांनी एक काळ्या पुठ्ठ्याचं बुटकं पुस्तक काढलं. "घरात याच्याएवढं बारीक अक्षर दुसऱ्या कशाचंच नव्हतं. कोणीतरी रस्त्यात फुकट वाटत होतं, घेतलं. यातलं दिसलं म्हणजे जगातलं सगळं दिसलं." ते पुस्तक तिने लांबूनच ओळखलं. शुभवर्तमानं, येशूच्या चरित्राची. तिच्या घरात ती खिशात मावणाऱ्या आकारापासून उशाएवढ्या आकारापर्यंत सगळ्या मापांत होती. एक भिंग बदलून तिने सवयीने विचारलं, "आता? दिसतंय का काही?"

काकांनी पुस्तक हाताला येईल तिथे उघडलं आणि शाळेतल्यासारखं बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागले. "स्वर्गातल्या... पित्या." थांबले. मागे गेले. "पित्या?" फ्रेमच्या वरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "हा पित्या कोण?"

"पिता. वडील. म्हणजे देव," ती म्हणाली. "हाक मारली आहे ना, म्हणून पित्या."

"असं होय. मला वाटलं नाव आहे कोणाचं. आमच्या गल्लीत एक पित्या होता. वरच्या मजल्यावर राहायचा. खरं नाव काय होतं देव जाणे, आम्ही आपले खालून बोंबलायचो, ए पित्या, खाली ये. आणि यायचा हां, हातातलं टाकून यायचा." काकांनी पुन्हा पानाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे ही मंडळी देवाला सरळ ए पित्या म्हणतात. बरंय की मग. बोलायला सोपं."

तिला हसू आलं. आधी गिऱ्हाइकासमोर हसावं तेवढंच आलं, मग आवरेना. हातातलं भिंग ट्रेमध्ये पडलं, काकाही कशाला हसतोय ते न कळता हसायला लागले, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की हे नुसतं हसू नाही. कोणीतरी फार वर्षांनी दार वाजवावं, आणि वाजवण्याच्या पद्धतीवरूनच कोण आहे ते कळावं, तसं झालं होतं. काकांचा नंबर तिने कागदावर लिहिला, फ्रेम त्यांनी सगळ्यात स्वस्तातली निवडली, परवा या म्हणून सांगितलं, आणि ते गेल्यावर ती आरशांच्या भिंतीसमोर झाडू हातात धरून उभी राहिली. पन्नाशीकडे झुकलेली बाई. केस आवळून बांधलेले. सगळ्या आरशांमध्ये तिचंच तोंड, आणि प्रत्येक तोंड खुळ्यासारखं हसत होतं.

कारण पित्या तिच्याही ओळखीचा होता. ती पाच-सहा वर्षांची असताना तो होता, अगदी होता. घरात रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची. बाबा चर्चचे पाळक होते, शिवाय शाळेत भाषा शिकवत, त्यामुळे त्यांची प्रार्थना म्हणजे एकही शब्द इकडचा तिकडे नाही. आई डोळे मिटून, ती एक डोळा उघडा ठेवून. बाबांच्या त्या लांब, घोटीव वाक्यांतलं तिला काही कळत नसे, पण सुरुवातीलाच ते कोणाला तरी हाक मारतात हे पक्कं कळे. पित्या. इमारतीत बंड्या होता, गोट्या होता, जिन्याखाली राहणाऱ्या शिंप्याचा पक्या होता, तसा हाही एक पित्या. स्वर्गात राहतो म्हणजे वरच राहत असणार, गच्चीच्या दाराला कुलूप असायचं त्याच्या पलीकडे कुठेतरी. तो कधी दिसत नाही यात तिला काही विशेष वाटलं नाही, गोट्याचे वडीलही दिसत नसत, ते बोटीवर असत. ती जिन्यात बसून त्याच्याशी बोलायची. ए पित्या, आज मला गणितात भोपळा मिळाला, आईला सांगू नको. ए पित्या, तुला अंधाराची भीती वाटते का, मला वाटते, तू जरा इथेच थांब ना. आणि तो थांबायचा. हे तिला आता झाडू धरून उभी असताना इतकं स्वच्छ आठवलं, की तिने मागे वळून बघितलं. तो थांबायचा. जिना उतरून होईपर्यंत पाठीवर कोणीतरी असायचं, ऊब असल्यासारखं, आणि खाली उजेडात आलं की त्याला टाटा करायचा.

मग एका संध्याकाळी पाहुणे आले होते, बाबांच्या बरोबरीचे, कडक कॉलरवाले, आणि कौतुकाने तिला पुढे करण्यात आलं. म्हण बरं, तूच म्हण आज. तिने हात जोडले आणि म्हणाली, ए पित्या, आज पाहुणे आलेत, तूपण ये. खोलीत असा काही हशा पिकला, की एका गृहस्थांना ठसकाच लागला. बाबा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. बाबा कधीच रागावत नसत, ते समजावून सांगत. पाहुणे गेल्यावर त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, की बाळ, पित्या हे नाव नाही. मूळ शब्द पिता. हाक मारताना त्याचं रूप बदलतं, त्याला संबोधन म्हणतात. मुलगा, मुलगा काय करतो, तर हाक मारताना हे मुला. तसं पिता, हे पित्या. आणि 'ए' नाही म्हणायचं, 'हे' म्हणायचं, तो आपल्याएवढा नाही. कळलं? तिला कळलं. हुशार होती ती. त्यांचा हात तिच्या डोक्यावर होता, आवाजात माया होती, आणि त्या मायेनेच घात केला. दोन धपाटे घातले असते तर पित्या वाचला असता, तिने त्याला जिन्यात जाऊन सगळं सांगितलं असतं. पण व्याकरणाने तो गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी जिन्यात ती एकटीच उतरली.

त्यानंतर पिता आला. तो फार मोठा होता आणि त्याच्याशी बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवून घ्यावं लागे. तिने ती जुळवली, वर्षानुवर्षं. रविवारचं चर्च चुकवलं नाही, शास्त्रवाचनाला, म्हणजे बायबल वाचायला, तिचं नाव असायचं आणि तिचा आवाज चांगला म्हणून लोक वाखाणत. पण आपल्या मनचं, आपल्या शब्दांत, तिने त्याला कधी काही सांगितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. तेव्हा तर बाबांनी इतकी सुंदर प्रार्थना केली होती, की तिच्या तोंडून शब्द फुटणं शक्यच नव्हतं.

आणि आता बाबांकडे एकच शब्द उरला होता. पावसाळ्याच्या शेवटी त्यांना झटका आला, उजवा हात गेला, आणि शब्दांची सगळी पेटीच कोणीतरी उचलून नेली. जाताना एक तेवढा सांडून गेला. "पण." पाणी हवं असलं तरी पण, कूस बदलायची असली तरी पण, खिडकी लावा, लावू नका, पण, पण, पण. वाचा शिकवायला एक बाई यायच्या, चित्रं दाखवायच्या, बाबा ओठ हलवायचे आणि आपल्याच तोंडून निघालेला तो 'पण' ऐकून मान खाली घालायचे. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं सुधारली त्याच्या वाट्याला अर्धवट वाक्याचं एवढंसं शेपूट यावं, ही थट्टा कोणाची होती ते तिला ठाऊक नव्हतं आणि कोणाला विचारायची सोयही नव्हती. हेही एक वेळ सोसलं असतं. पण नवे पाळक भेटायला आले तेव्हा बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. उशाशी ठेवलेलं शास्त्र डाव्या हाताने ढकलून दिलं. त्यांना राग आला नव्हता, तिने त्यांचे डोळे पाहिले होते, त्यांना लाज वाटत होती. देवापुढे उभं राहायला त्यांच्याकडे धड कपडेच उरले नव्हते. तेव्हापासून घरात प्रार्थना नव्हती. तिने म्हणून बघायला हवी होती, हे तिला रोज वाटे, आणि रोज संध्याकाळी त्यांच्या पलंगापाशी बसून ती पेपर वाचून दाखवी.

दुपारपर्यंत गिऱ्हाइकं येत राहिली. एक कॉलेजातली मुलगी, एक हिशेबनीस, एक नवराबायको, त्यातल्या नवऱ्याला दिसत नव्हतं आणि बोलत बायको होती. ती भिंगं सरकवत राहिली, पहिलं बरं का दुसरं, आता, आणि आता. हिशेबनीस तक्त्यावरची खालची ओळ डोळे बारीक करकरून वाचत होता आणि चुकत होता आणि पुन्हा रेटून वाचत होता. सगळे असंच करतात. लोकांना वाटतं पास व्हायचं आहे. काहीजण तर शेजारी बसून आधीच्याचं ऐकून अक्षरं पाठ करतात आणि मग धडाधड म्हणतात. "अहो, ही परीक्षा नाही, तपासणी आहे," ती रोज सांगे. "जे दिसतं तेच सांगा. झाड दिसलं तर झाड सांगा." हे वाक्य तिने हिशेबनीसाला सांगितलं आणि तिचा हात हवेतच राहिला.

झाड. ती गोष्ट तिने स्वतः, आपल्या चांगल्या आवाजात, कितीदा वाचून दाखवली होती. आंधळ्या माणसाला घेऊन येतात, येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि विचारतो. काय विचारतो? तिने डोळे मिटले. दिसतंय का काही. अगदी हेच. ती दिवसातून पन्नासदा विचारते तेच, ह्याच खुर्चीपाशी, ह्याच सुरात. आणि तो माणूस खोटं बोलत नाही, पास व्हायचा प्रयत्न करत नाही. म्हणतो, माणसं दिसताहेत, पण झाडांसारखी, चालणारी झाडं. पहिल्या खेपेला नंबर बरोबर आलाच नव्हता. आणि येशू काय म्हणाला? झाडं नव्हेत बाळ, ती माणसं, असं म्हणाला? त्याला मांडीवर घेऊन समजावलं? काहीसुद्धा नाही. पुन्हा हात ठेवला. बस. चूक तशीच्या तशी ऐकून घेतली आणि पुन्हा हात ठेवला. तिने हातातलं भिंग पुसायला घेतलं आणि पुसतच राहिली. हिशेबनीस काळजीने म्हणाला, "माझं फार वाईट आहे का हो?" ती म्हणाली, "नाही नाही, फार छान आहे, तुमचं फार छान आहे," आणि त्या बिचाऱ्याला काहीच कळलं नाही.

मग तर धरणच फुटलं. जे जे तिला आठवत होतं ते सगळं वेगळं ऐकू यायला लागलं. हरवलेलं नाणं शोधायला बाई घरभर केर काढते, म्हणजे देवाच्या हातात झाडू आहे. चिमण्या आहेत, कणकेत मिसळायचं खमीर आहे, रात्री शेजाऱ्याचं दार ठोठावून पाव मागणारा आगाऊ माणूस आहे. सगळं घरातलंच. आणि एका ठिकाणी तर, भाषांतर करणाऱ्यांचाही हात जिथे अडला असेल अशा ठिकाणी, तो एक परका शब्द तसाच ठेवलेला आहे, अब्बा, आणि तो तरी काय, लेकरांनी आपल्या बापाला घरात मारलेली हाक. ते संबोधनच होतं, बाबांचं चुकलं नव्हतं. पण संबोधन म्हणजे शब्दाचं रूप नव्हे, संबोधन म्हणजे कोणीतरी ऐकायला आहे. तिने लहानपणी काही चूक केलीच नव्हती. मुलांसारखं व्हा असं जे म्हटलं आहे, ते शांत बसा, हात जोडा, असं तिला आजवर वाटत होतं. त्यात जिन्यातली बडबड बसते हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या बोलक्या बायकोच्या नवऱ्याचा चष्मा तिने तसाच घाईने जुळवून दिला आणि दुकानाचं शटर ओढलं. भर दुपारी. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, "काय हो, बरं नाही का?" "बरं आहे," ती म्हणाली, "लई बरं आहे." तिच्या तोंडी 'लई' कधी नसे. घड्याळवाला बघतच राहिला. रस्त्यावर ऊन होतं, पाइप टाकण्यासाठी फुटपाथ उखडलेला होता, बस धुरळा उडवत गेली, आणि समोरून येणारी माणसं तिला माणसांसारखी दिसत होती, एकेक निराळं, नाकडोळ्यांसकट, एकाने छत्रीची मूठ खांद्याला अडकवलेली, एकीच्या चपलेचा अंगठा तुटलेला. ती चालत चालत बोलायला लागली. ए पित्या. ओठांतल्या ओठांत. ए पित्या, आहेस का. चाळीस वर्षं झाली रे. आवाज नाही आला, चमत्कार नाही झाला, फक्त पाठीवर, पदराखाली, जिन्यात असायची तशी ऊब आली. ऊनही असेल. तिला त्याची फिकीर नव्हती. पण घराच्या जिन्याशी आल्यावर मात्र तिचा धीर सुटला. कारण हे एकटीने रस्त्यात म्हणणं निराळं आणि बाबांसमोर म्हणणं निराळं. त्यांनी तोंड फिरवलं तर? या वयात, या अवस्थेत, आपण त्यांच्या जखमेवर पोरकटपणा चोळतोय असं त्यांना वाटलं तर ते पुन्हा कधी वळणारच नाहीत. आणि मग तीही नाही वळणार, हे तिला स्वतःबद्दल माहीत होतं.

दार मावशींनी उघडलं. दिवसभर बाबांचं सगळं त्याच बघत. "लवकर आलात? आज जेवलेच नाहीत. घास पुढे केला की पण. घ्या ना दादा म्हटलं, तरी पण. त्यांच्या त्या पणचा मला आता वीट आलाय बघा." त्या पातेलं घेऊन आत गेल्या. बाबा उशांना टेकून बसले होते, भिंतीकडे तोंड. उजवा हात मांडीवर, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा पडलेला. ती पलंगाच्या कडेला बसली. एवढं सगळं सांगायचं होतं, काका, पित्या, झाडं, आणि त्यातलं काही सुचेना. मग तिने त्यांचा तो मेलेला हात उचलून दोन्ही हातांत धरला, आणि डोळे उघडेच ठेवून, छताकडे बघून, हाक मारली.

"ए पित्या."

बाबांची मान वळली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "ए पित्या, हे बघ, बाबा आजारी आहेत. तुला माहीतच असेल. त्यांचे शब्द हरवलेत. ते तुझ्याशी बोलत नाहीत कारण त्यांना नीट बोलता येत नाही, आणि मी बोलत नाही कारण... मला पण नीट बोलता येत नाही. आई गेली तेव्हा मी तुला काहीच बोलले नाही. मला फार एकटं वाटलं रे. तू जरा इथेच थांब ना." आता पुढे काही नव्हतं. आमेन म्हणायचंही तिला आठवलं नाही.

"पण," बाबा म्हणाले.

झालं, तिला वाटलं. तिने धीर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत नव्हते, तिच्याकडेही नाही. वाकड्या झालेल्या ओठांना आवर घालत ते वर बघत होते, ती बघत होती तिथेच, पंख्याच्या जरा पलीकडे. "पण," पुन्हा म्हणाले. आणि मग, "पण पण, पण पण पण." तिला आधी काही समजेना. मग त्या पणांचा ठेका तिच्या कानांनी पकडला. येशूने शिकवलेली, 'स्वर्गातल्या पित्या'ने सुरू होणारी ती प्रार्थना होती. आधी हाक, मग त्याच्या नावाची ओळ, मग राज्याची. तिथे ते नेहमी आवाज चढवायचे, तसाच चढवला. रोजच्या जेवणाच्या ओळीला ते नेहमी थोडे हळू होत, घरात एके काळी ओढाताण होती म्हणून, आणि आता तसेच हळू झाले. एकच शब्द, पण एकही ओळ चुकली नाही, एकाही ओळीचा श्वास चुकला नाही. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डावा हात मोकळा असूनही ते पुसत नव्हते. क्षमेच्या ओळीला ते अडले. दोनदा सुरुवात केली. मग वर बघायचं सोडून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि डावा हात फार कष्टाने पलीकडून आणून तिच्या डोक्यावर ठेवला, पाहुणे आले त्या संध्याकाळी ठेवला होता तिथेच, आणि ती ओळ तिलाच म्हटली. "पण पण," हळूच, "पण." प्रश्न होता तो. त्यांच्या लक्षात होतं. इतकी वर्षं त्यांच्याही लक्षात होतं.

"हो बाबा," ती म्हणाली. "हो. हो."

मग ते पुढे निघाले. मोहाची ओळ, वाइटाची ओळ, आणि शेवटची, जिच्यात सगळं त्याचं आहे असं येतं, ती तर त्यांनी अशी म्हटली, की शेजारच्या खोलीतलं भांडं वाजायचं थांबलं. मावशी पदराला हात पुसत दारात आल्या. एकदा बाबांकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. दोघांचीही तोंडं ओली, आणि दोघंही हसत होती.

"काय झालं? अजून नकोच म्हणतायत का?"

"नाही मावशी," ती म्हणाली. "हो म्हणतायत."

आणि बाबांनी मान वर करून, चर्चमध्ये वेदीवरून आमेन म्हणत तशा खणखणीत आवाजात, म्हटलं, "पण."